जामखेड : आता कोणी नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती माझ्या खिशातल्या चिठ्ठ्यासुद्धा वाचते. आज सांगतोय, कारण आता डोकं उठलंय माझं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमच्या समाजाचं एक वार्षिक निघतं. कुठल्या गावात कुणाचं घर, कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं — सगळं त्यात. पुस्तक पातळ, पण दरारा बघा! सोयरीक जुळवायची, इस्राएलला जायचे कागद करायचे, पेपरवाल्याला आमच्यावर लेख लिहायचा — काढा वार्षिक. 'वार्षिकात आहे म्हणजे आहे,' असं आमच्यात म्हणतात. नगर जिल्ह्याची पानं तीस वर्षं मी केली. आता जुने अंक एकत्र छापताहेत, आणि वार्षिकाचा इतिहास सांगणारी प्रस्तावना मी लिहायची म्हणे. रोज फोन! 'गुरुजी, तुमच्यासारखं चोख काम कुणी केलं नाही.' अहो, कसलं डोंबलाचं चोख?

नियम असा — यादी करणाऱ्यानं प्रत्येक घरी स्वतः जायचं, पाणी प्यायचं, मगच नाव लिहायचं. कोपरगावला मी जायचो, राहात्याला जायचो. तिथे जेवण चांगलं मिळायचं, खोटं कशाला बोलू? जामखेडकडे मात्र एकच घर. रेबेकामावशी — निवृत्त नर्स, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, गावाबाहेरच्या वस्तीवर एकटी. जायचं म्हणजे एसटीत हाडं खिळखिळी. आणि गेलं की ती लवकर सोडायची नाही. माणूस गेल्यावर प्रार्थनेला दहा पुरुष लागतात ना आमच्यात — तिला तीच काळजी. 'दहाजण आणशील ना रे? मोज बघू, कोण कोण?' दरवर्षी तेच! मला वैताग यायचा.

मग एका वर्षी गेलोच नाही. कुणीतरी म्हणालं, मुंबईला भाचीकडे गेली असेल. असेल! तेवढं पुरलं मला. घरी पंख्याखाली बसून लिहिलं — 'जामखेड : आता कोणी नाही.'

अंक निघाला आणि महिन्याभरात पोस्टकार्ड आलं. दोनच शब्द. 'मी आहे.' खाली सही.

इथवरच थांबलो असतो तर — तर काय? तरी चूकच. पण पुढचं ऐका. दुरुस्ती छापायची, तर न जाता लिहिलं हे कबूल करावं लागलं असतं. मी करणार? चोख माणूस? कार्ड डिक्शनरीत दडपलं. आणि पुढच्या वर्षी, ती जिवंत आहे हे पक्कं ठाऊक असताना, तीच ओळ पुन्हा लिहिली. त्याच्या पुढच्या वर्षीही. एका पेपरनं त्या ओळीवरून 'जामखेडमधून ज्यू संपले' असं छापलं, ते कात्रण मी जपून ठेवलं. लाज कशी वाटली नाही मला?

मावशी गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. तिच्या शेजारची कोंडाबाई ऊसतोडीवरून परतल्यावर मावशीची पेटी घेऊन दारात आली. पेटीत माझी जुनी पत्रं होती, त्यावरून पत्ता सापडला.

'आमी तवाच फोन केल्ता,' ती म्हणाली, 'तुमच्या पुस्तकातल्या मुंबईच्या नंबरावर. त्यांनी नवं पुस्तक बगितलं. म्हनले, जामखेडला आमचं कुनी न्हाई.'

वार्षिकात नाही म्हणजे नाही.

'शिस्टरबाई म्हनल्या हुत्या, जाळू नका. मंग आमच्याच बांधाला पुरलं. दहा बाप्ये लागत्यात म्हनायच्या, तर वस्तीवरचे दहा गोळा केले. मंत्र कुनाला येतोय? नुसतेच उबे ऱ्हायले हात जोडून.' मग मलाच विचारलं, 'चाललं आसंल ना वो, गुरुजी?'

मी 'हो' म्हणालो. चहा दिला. ती ओळ कुणी लिहिली, ते सांगितलं नाही.

काल एकत्र अंकाची प्रुफं आली. प्रस्तावना हवी होती ना? ही घ्या. यातला एक शब्दही बदलू नका. जामखेडची ती ओळ तीन अंकांत आहे, आणि तिन्ही वेळा रेबेकामावशी घरी होती.