उघड्या डोळ्यांचा बुद्ध

भातकुली तालुक्यात देवमन पेंटरचा हात लागला नाही असं विहार एके काळी शोधावं लागे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर हा पोटाचा धंदा. पण मार्च सरत आला की तो सायकलला ऑइल पेंटचे डबे अडकवून गावोगाव निघे. भीमजयंतीच्या आधी भिंतीवरचा बुद्ध ताजा करायचा, ही रीत. मागे कॅरिअरवर त्याची लेक प्रियदर्शनी, मांडीवर ब्रशांची पिशवी. टर्पेंटाइनचा वास आला की आजही तिला बापाची घामेजलेली पाठ आठवते.

देवमनचा बुद्ध डोळे उघडे ठेवून समोर बघत असे. लहान असताना तिला वाटे, तो आपल्यालाच ओळखतो.

बारावीनंतर ती कलेचा इतिहास शिकायला बडोद्याला गेली. नातेवाईक विचारत, हे शिकून काय होते? देवमन सांगे, "चित्र काहून काढलं, ते शिकते. मले नुसतं काढता येते."

पहिल्याच सुट्टीत तिनं अजिंठ्याच्या चित्रांच्या झेरॉक्स आणल्या. ओसरीत बापासमोर पसरून म्हणाली, "बाबा, तुमचे डोळे चुकले. ते अर्धे मिटलेले पाहिजेत." देवमननं कागद बराच वेळ पाहिले. मग मान डोलावली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यानं अकरा गावांतल्या बुद्धांचे डोळे मिटले. डबा धरून ती शेजारी उभी होती. अभिमानानं.

आता ती एक्केचाळीस वर्षांची आहे, अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दर हिवाळ्यात पोरांना पातूरची लेणी दाखवायला नेते. रिकाम्या दगडी खोल्या पाहून पोरं हिरमुसतात. "मॅडम, इथं पाहाले काय हाय?" ती त्यांचे हात छिन्नीच्या खुणांवर ठेवते. कुणाचा तरी हात इथं दमला होता, म्हणते. म्हणताना तिला सायकल आठवते.

डोळ्यांचा एकच नियम नसतो, हे तिला बडोदा सुटता सुटता कळलं. कुणी काढलं, कुणासाठी काढलं, यावर सगळं असतं. तोवर उशीर झाला होता. जुन्या चित्रांच्या शोधात ती अकराही गावं फिरली. कुठं टाइल्स, कुठं फ्लेक्स. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचा फोटो कुणाकडेच नव्हता.

मग या मार्चमध्ये बाराव्या गावातून, जिथं बाप त्या एप्रिलमध्ये तिच्याशिवाय गेला होता, विहार समितीच्या किशोरचा फोन आला.

"ताई, आमची पार्बताबाई भिंतीले टाइल्स लावू देऊन नाई राहिली. खाट टाकून बसली तिथं. तुमी शिकेल हा. समजावा तिले."

त्या गावचं चित्र कसं आहे, हे तिनं विचारलं नाही. अमरावतीहून बापाला घेतलं आणि निघाली.

भिंतीला ओल चढली होती. कान गेला होता, खांद्याचे पोपडे निघाले होते. पण डोळे उघडे होते. प्रियदर्शनी दारातच थांबली.

खाटेवरची म्हातारी देवमनकडे बोट दाखवत म्हणाली, "याले म्या तवाच हाकललं होतं. म्हणे, डोळे मिटतो. म्या म्हटलं, छप्पन सालच्या दीक्षेपासून आता कुठं जागे झालो आपन, अन् हा बुद्ध झोपेल काहून दाखवतो?"

"मार खाता खाता वाचलो मी," देवमन म्हणाला आणि खुर्चीत बसला.

"बाबा, तुम्ही उघडेच का काढत होता?"

"हे बाया मानसं असंच मांगत. बुद्ध जागा पाहिजे म्हणत."

"मग मला तेव्हा सांगितलं का नाही?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "घरातली पयली पोरगी शिकाले गेली होती. तुले खोटं कसं पाडू?"

प्रियदर्शनी भिंतीजवळ गेली. मागून किशोरनं विचारलं, "मंग टाइल्सचं कसं करायचं, ताई?"

"तीन भिंतींना लावा. ही राहू द्या."

"अन् जयंतीले असाच पोपडे निघेल ठेवायचा? लोकं मले बोलतीन."

तिच्या पुस्तकांत जुन्या चित्रावर नवा रंग चढवणं पापच होतं. तिनं आधी भिंतीचे फोटो काढले, बोटभर जागासुद्धा सोडली नाही. मग किशोरला रंग आणायला पाठवलं.

देवमननं ब्रश बुडवला. म्हातारा हात वर जाईना, रंग फरशीवर सांडला. त्यानं ब्रश तिच्यापुढे धरला.

"मला नाही येत, बाबा. ब्रश हातात धरून वीस वर्षं झाली."

"कानापासून सुरू कर. डोळ्याले हात लावू नोको."

पार्बताबाईनं खाट जराशी सरकवून दिली. उठली मात्र नाही.

"मी पाहून राहिली, पोरी," ती म्हणाली. "काढ."