भिंतीवर टांगलेले सायलेन्सर

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत तो माझ्यापेक्षा दोनच इयत्ता पुढे गेला, म्हणजे जेमतेम सहावी. पण गिऱ्हाईक आलं की हा शिकवायलाच बसतो. दुचाक्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे अंधाराला त्याचे पाने आणि तेलाचे डबे, पुढे उजेडाला माझं शिलाई मशीन. तो गाड्या उलगडतो, मी कापडं जोडते. अशी चाळीस वर्षं गेली.

मोठ्या आवाजाचा नवा सायलेन्सर बसवायला लोक यायचे तेव्हा त्याच्या अंगात मास्तर शिरायचा. एकदा निवृत्तीला टेकलेला एक कारकून आला. डोक्यावर केस नाही, पण बगलेत चकचकीत सायलेन्सर, पहिलं बाळ धरावं तसा.

"हा बसवा मास्तर. गाडी पळाली पाहिजे."

"पळेल कशाला, बोंबलेल. इंजिनाला श्वास किती लागतो ते कंपनीनं मोजून दिलंय. नाक मोठं केलं म्हणून छाती रुंद होते का तुमची?"

कारकून ऐकेना. मग चढाची परीक्षा ठरली. दुकानासमोरून रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत चढतो. आधी जुन्या सायलेन्सरवर वर जायचं, मग नव्यावर. घड्याळ मी. गाडी सुटली की मशीनवर पाय मारत मोजायचं, टाकीपाशी हात वर झाला की थांबायचं.

"आक्का, किती?"

"मघाशी बेचाळीस, आता त्रेचाळीस."

"म्हणजे वाढला ना वेग?" कारकून घाम पुसत म्हणाला.

"एक पाय उशीर झाला तुम्हाला," मी म्हटलं.

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "पण वाटली बुवा जोरात." आणि नवाच बसवून गेला. बहुतेकांचं असंच व्हायचं.

काढलेला जुना सायलेन्सर मास्तर टाकून देत नसे. भिंतीला खिळा ठोकून टांगायचा, वर पुठ्ठा लावायचा. पुठ्ठ्यावर मालक आणि कारण. 'पेपरवाला, हौस.' 'दातांचा डॉक्टर, मेव्हण्याने लावला म्हणून.' कारकुनाच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कारकून, उशिरा आलेलं तारुण्य.' "येतील परत," म्हणायचा, आणि यायचेही. कुणाची बायको वैतागलेली, कुणाचं तान्हं दचकून उठणारं. दुपारी दारातून वारा आत आला की त्या नळ्यांतून बारीक हूं हूं निघायचं, सारी भिंत झोपेत बोलत असल्यासारखं. माझे डोळे मिटायला लागायचे आणि कापड हाताखालून पाण्यासारखं वाहत राहायचं.

अशाच एका दुपारी चढावरून असा गडगडाट आला की माझा दोरा तुटला. बघते तर मास्तर, आपल्याच गाडीवर. खाली हा एवढा मोठा, नवाकोरा सायलेन्सर.

गल्लीची चांगलीच करमणूक झाली. कारकून मुद्दाम येऊन म्हणाला, "काय मास्तर, केलंत का नाक मोठं?" मास्तर नुसता हसला. भावजयीनं मला बाजूला घेतलं.

"वन्सं, ह्यांना या वयात काय सुचतंय हे?"

"विचारलंस का?"

"विचारते तर. मी विचारते एक, हे उत्तर देतात भलत्याचंच."

मी भिंतीपाशी गेले. शेवटच्या खिळ्याला त्याच्या गाडीचा जुना सायलेन्सर होता. मला अक्षर अक्षर जोडून वाचावं लागतं, त्यामुळे कळायला वेळ लागला. पुठ्ठ्यावर होतं, 'मी स्वतः. ऐकू येत नाही.'

नुसतं इंजिन ऐकून आत काय झिजलंय ते सांगायचा तो. लोक त्या कानांवर भरवसा ठेवून गाडी सोडून जायचे. ते कान गेले तर दुकानात कोण येणार? आणि दुकान नसलं तर हा माणूस दिवसभर करणार काय? जेवणाच्या वेळी शटर अर्धं खाली आलं, तेव्हा त्याच्या अगदी जवळ बसले आणि मोठ्यानं विचारलं, "कधीपासून?"

त्याला लगेच कळलं. "वर्ष झालं असेल. आधी बारीकसारीक आवाज गेले, मग इंजिनच गेलं. गाडी चालवतोय का ढगावर बसलोय, समजेना. डॉक्टरनं कानात घालायला यंत्र दिलं. त्यात पंखा वाजतो, रस्ता वाजतो, तुझं मशीन तर गिरणीसारखं. इंजिन तेवढं सापडत नाही. म्हणून मग हा बसवला."

"माझी नजर किती उरलीय, माहीत आहे तुला?"

"शिवतेस की."

"पायानं शिवते. सुई बोथटली की पायाला कळतं. ये इकडे."

त्याला माझ्या जागी बसवलं, पायाखाली मशीनची पट्टी दिली आणि डोळे मिटायला लावले. कापड मी सरकवत होते. मधेच दोनाची घडी चार केली.

"जाड झालं," तो म्हणाला.

मग बराच वेळ तो तसाच बसून राहिला, पाय पट्टीवर, डोळे मिटलेले. उठला तो सरळ गाडीपाशी. इंजिन चालू केलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. मान हलवली. गाडी बंद करून नवा सायलेन्सर खोलला, खिळ्यावरचा जुना उतरवून बसवला आणि पुन्हा मूठ दातांत धरली. या खेपेला त्याचा चेहरा मी बघतच राहिले. लांबच्या गावाहून कुणी हाक मारावी आणि ती ओळखीची निघावी, तसा.

"मघाशी तो सायलेन्सरच माझे दात हलवत होता," तो म्हणाला. "आता आतलं येतंय. डावीकडचा वॉल्व्ह सैल आहे, आक्का. वर्षभर सैल असणार."

कानांचं त्यानं आपणहून सगळ्यांना सांगून टाकलं. दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. बाकीचे म्हणतात, मास्तर हल्ली गाडी चावून बघतो. कारकून आपला जुना सायलेन्सर न्यायला आला तेव्हा त्याचीही गाडी चावून झाली.

तो मोठा सायलेन्सर आता मास्तरच्या खिळ्याला आहे. पुठ्ठा तोच ठेवलाय. वारा आला की बाकीच्या नळ्यांपेक्षा तो भरदार घुमतो. मास्तर तेव्हा हातातलं काम ठेवतो आणि तळवा भिंतीला लावून उभा राहतो.

"वाजतोय ना, आक्का?"

"वाजतोय," मी म्हणते, आणि तो आवाज संपेपर्यंत मशीनवरचा पाय थांबवते.