सोलांजच्या गाडीचा रंग

सोलांज पेरिशू फ्रान्सातल्या आमच्या कोरेझच्या डोंगरात छत्तीस वर्षं नर्स होती. घरोघर जाऊन सुया टोचायच्या, जखमा बांधायच्या, म्हाताऱ्यांना रागवायचं, आणि हे सगळं तिच्या लाल प्यूजो २०५ मधून. तीही साधी नव्हे, जीटीआय. नर्सबाईनं असली पोरासोरांची वेगवान गाडी घ्यावी, हे त्या काळी गावाला फारच झोंबलं होतं. आमचे फादर म्हणाले, "एवढ्या वेगात कुणाला गाठायचंय, सोलांज?" ती म्हणाली, "तुमच्या आधी पोचायचंय, फादर. तुम्ही आलात की पेशंट गेलाच."

मी तेव्हा पोस्टमन होतो. तिच्यापायी माझी टपालाची गाडी दोनदा चरात गेली. ते मी अजून विसरलेलो नाही.

ल्युसिएँ तर त्या गाडीतच जन्मला. बर्फ पडत होता, त्यूलचं हॉस्पिटल अजून लांब होतं, आणि त्याच्या आईला धीर निघेना. मागच्या सीटवरचा तो डाग कधी गेला नाही, आणि सोलांजनं सीटही बदलली नाही. आता तो गावात गाड्या रंगवतो आणि तिला मावशी म्हणतो.

यंदा जूनमध्ये ती निवृत्त व्हायची होती. आमच्याकडे अशा वेळी सगळं गाव वर्गणी काढतं, आणि भेट काय ते त्या दिवसापर्यंत गुपित राहतं. ल्युसिएँ म्हणाला, "मावशीची गाडी नवी कोरी करू." कुणालाच दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि मला तर हे फारच आवडलं. ब्रेक बघतो असं सांगून त्यानं गाडी नेली. गाईनं शिंगानं पाडलेला पोचा काढला, उडालेला रंग खरवडला, सगळी गाडी लालभडक रंगवली. नव्या सीटा बसवल्या, आणि फाटक्या आम्ही जूनअखेरच्या सँ-जाँच्या सणाला गाव पेटवतं त्या शेकोटीत टाकल्या. काळा धूर निघाला. शेकोटीभोवती नाचता नाचता सोलांजच खोकत म्हणाली, "मेल्यांनो, काय जाळताय? गाढव?" आम्ही पोट धरून हसलो.

रविवारी गावच्या चौकात गाडीवरची चादर ओढली. सोलांजनं तोंडावर हात घेतला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. "फेर्नाँ, जरा ये. एकटाच ये."

अंगणात लिमोझहून आलेला एक माणूस होता, दार्ने नावाचा. जुन्या गाड्यांचा व्यापारी. रंगाची जाडी सांगणारं एक छोटं यंत्र तो दारावर, टपावर, बॉनेटवर टेकवत होता आणि दर वेळी मान हलवत होता. मग त्यानं आत डोकावलं.

"जुन्या सीटा कुठायत?"

"जाळल्या," मी म्हणालो.

मी पोटचं पोर जाळल्यासारखं तो माझ्याकडे बघत राहिला. "बाईंनी पाठवलेल्या फोटोत दारावर पोचा होता. रंग उडालेला होता."

"ते सगळं नीट केलं ना आम्ही!"

"अहो, तेच तर घ्यायला आलो होतो. रंगवलेल्या पैशाला पासरी मिळतात. एका मालकाची, कारखान्यातला रंग अंगावर असलेली, कुणी हात न लावलेली, अशा उरल्यात किती? दरवर्षी भाव चढतोय. चाळीस हजार युरो देणार होतो मी. पाच वर्षं ठेवली असती तर पन्नासही आले असते."

"आणि आता?" सोलांजनं विचारलं.

"सतरा. त्याच्यावर कुणी देणार नाही."

चाळीस हजार! त्या डबड्याला! मी पायरीवर बसलो. हसूच फुटणार होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. पांढराफटक पडला होता.

आमच्याकडे माणूस जेवताना स्वतःच्या मूळव्याधीबद्दल बोलेल, पण पैशाबद्दल मरतानाही बोलणार नाही. तरी मी विचारलं, "तुला एवढे पैसे कशाला हवे होते गं?"

तिनं मागे, घराकडे बोट दाखवलं. "भाड्याचं आहे. मालक वारले. त्यांच्या पोरांना विकायचंय, अडतीस हजार सांगतायत. नाहीतर सप्टेंबरात खाली करा म्हणतात."

इतकी वर्षं त्या दारात टपाल टाकलं, आणि घर तिचंच आहे असं धरून चाललो होतो.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी बोललात?"

"मी ल्युसिएँला सांगतो. गाव काहीतरी करेल..."

"खबरदार!" ती कडाडली. "तो पोरगा माझ्यासाठी रात्र-रात्र जागलाय. त्याला कळलं तर जन्मात पुन्हा रंगाला हात लावणार नाही. शपथ घे."

मी घेतली. आजही मला त्या शपथेचा संताप येतो.

दार्ने रिकाम्या हातानं गेला. "सतरात घर येत नाही," ती म्हणाली, "मग गाडी तरी कशाला घालवू?"

सप्टेंबरात ती त्यूलला गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. गावाला सांगितलं, गुडघे दुखतात, हॉस्पिटल जवळ बरं. निरोपाला सगळे फाटकाशी जमले होते. ती गाडी सुरू करणार तेवढ्यात ल्युसिएँ धावत आला.

"थांब मावशी, थांब!" बॉनेटवर कुणाचंतरी बोट उमटलं होतं. त्यानं ते बाहीनं हळूच पुसलं. "बघ, कशी आरशासारखी दिसतेय! आता कधी विकायला काढलीस ना, तर सोन्याच्या भावानं जाईल."

"माहीत आहे रे राजा," सोलांज म्हणाली.

मग तिनं गाडी काढली, आणि वळणापर्यंत अगदी सावकाश नेली.