जर्मन गाडी, माळशेज आणि काढून टाकलेला हीटर

अंबरनाथहून ओतूरला जायचं तर सरळ मार्ग म्हणजे कल्याणला येऊन एसटी धरायची. सकाळी उशिराची गाडी पकडली तर बसायला जागा मिळते आणि घाट चढेपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असतं. आई तेच सांगत होती. मी ऐकलं नाही, कारण माझ्याकडे गाडी होती. या प्रवासाबद्दल मी वीसेक वर्षांत कुठे लिहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात एका वाचकानं विचारलं, जानेवारीत वडिलांना घेऊन माळशेज करावा का, म्हणून लिहितो आहे.

आधी गाडीबद्दल. नव्वदनंतरची पहिली दोन-चार वर्षं. मी मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथे मशिनं बसवायला आलेला जर्मन साहेब आपली दोन दारांची स्पोर्ट गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली सोडून गेला होता. उंदरांनी सीट खाल्ल्या होत्या, टायर जमिनीला चिकटले होते. मालकानं शेड मोकळी करायला काढली तेव्हा भंगारवाल्याच्या आधी मी हात वर केला. तिच्याबरोबर दुरुस्तीचं जर्मन पुस्तक मिळालं. मी दहावी नापास. फूटपाथवरून जर्मन-इंग्रजी शब्दकोश आणला आणि पाच वह्यांमध्ये ते पुस्तक मराठीत उतरवलं. कार्ब्युरेटर, ब्रेक, गिअरबॉक्स, सगळं. फक्त एक प्रकरण सोडलं. त्याचं नाव 'हिवाळ्यात गाडी वापरताना'. अंबरनाथ पूर्वेत राहणाऱ्या माणसाला त्याचं काय काम?

हीटरचंही तसंच. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि आत ऊब येते. तो रेडिएटर गळत होता. मी तो काढून माळ्यावर टाकला, दोन्ही होज कापले, मध्ये तांब्याचा तुकडा घालून इंजिनाशीच जोडून टाकले. काम इतकं सुबक झालं की मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवायचो.

निघायच्या आदल्या शनिवारी उल्हासनगरला फॅनबेल्ट आणायला गेलो. दुकानदार सिंधी, ओळखीचा. त्यानं कुठे निघालास विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "साई, हीटर भी करवा लो. झालनेवाला बाजू में बैठा है, एक दिन का काम."

"अंबरनाथ में हीटर?" मी म्हटलं. "तू पंखा बेच."

तो हसला, शेजारचा झाळणारा पण हसला. मी बेल्ट घेऊन घरी आलो.

आता दादा. म्हणजे माझे वडील. ओतूरजवळच्या गावातून तरणेपणी अंबरनाथला आले आणि तीस वर्षं कारखान्यातल्या ॲसिडच्या खात्यात काढली. छाती तिथेच गेली. जिना चढताना मध्ये दोनदा थांबायचे. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, थंडी लागू देऊ नका. पण त्यांची धाकटी बहीण, माझी कासाआत्या, आंधळी होत चालली होती, आणि तिला मी थोडा तरी दिसेन तोवर भेटून येतो, असं त्यांनी धरलं होतं.

मी पहाटे पाचला निघायचं ठरवलं. आई म्हणाली, ऊन पडल्यावर जा. मी सांगितलं, ही गाडी उन्हात घाट चढली की तापते, इंजिनाला थंडी मानवते.  मग आईनं दादांच्या अंगावर दुसरा स्वेटर चढवला, वर मफलर, वर शाल.

चोक ओढून दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. बदलापूरला नेहमीच अंबरनाथपेक्षा एक स्वेटर जास्त लागतो. त्या दिवशी नदीवरून धुकं थेट रस्त्यावर आलं होतं. स्टेशनबाहेर एकच चहावाला उघडा होता. दादांनी चहा प्यायला नाही, ग्लास दोन्ही हातांत धरून बसले आणि गार झाल्यावर परत दिला. मला ते दिसलं होतं. सोनिवली मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाड. रस्ता तेव्हा अरुंद, खड्डे कमी, गुरं जास्त. मुरबाडला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. टोकावड्याला वडे बरे मिळतात, पण आम्ही पोचलो तेव्हा कढई चढलेली नव्हती.

घाट लागला तेव्हा अजून उजाडायचं होतं. इथे एक गोष्ट समजून घ्या. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. म्हणजे ट्रकच्या मागे मी असलो की समोरचं मला काही दिसत नसे, उजवीकडे बसलेल्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढायचं आणि सांगायचं. दादा ते काम करत होते.

"थांब... थांब. एसटी येतेय. थांब." आणि मग खुशीत, "मार!"

असे सहा ट्रक आम्ही ओलांडले. मी मोजले होते. प्रत्येक वेळी ते जरा पुढे सरकून बसायचे. तीस वर्षं खात्यात कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आज त्यांच्या शब्दावर जर्मन गाडी चालत होती. दोन ट्रकांच्या मध्ये मी म्हटलं, काच लावा. ते म्हणाले, लगेच तर उघडायचीय.

"दादा, थंडी वाजतेय का?"

"नाय रे. तू समोर बघ."

मी समोर बघत नव्हतो. मी तापमानाचा काटा बघत होतो. वर बोगद्यापाशी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना काटा दाखवला. मधोमध उभा होता, केसभर हललेला नव्हता.

"गरम नाय झाली," दादा म्हणाले. "बरं झालं."

त्यांचे ओठ नीट हलत नव्हते. मला वाटलं, दातांची कवळी सैल झाली असेल.

गावात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पोरं गाडीला लटकली, कुणी जयभीम करायला आलं, मी बॉनेट उघडून उभा राहिलो. कासाआत्या चाचपडत पुढे आली. दिसत नव्हतं म्हणून तिनं भावाचे हात हातात घेतले, आणि तिथेच थबकली.

"काय रं," ती माझ्या आवाजाच्या दिशेला म्हणाली, "मोटारीत आणलास का बर्फाच्या गाडीत?"

सगळे हसले. दादा पण. आत्या हसली नाही. तिनं त्यांना चुलीपुढे बसवलं आणि ते हात दुपारपर्यंत सोडले नाहीत. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, त्या बाजूला गेलात तर चुकवू नका. दादांनी चार घास खाल्ले.

दोन दिवस राहायचं ठरलं होतं. दुसऱ्या सकाळी त्यांना ताप होता आणि बरगड्यांतून शिट्टीसारखा आवाज येत होता. भर दुपारी, काचा बंद करून परत निघालो. घाटमाथ्यापर्यंतच्या चढावरही गाडी जरासुद्धा तापली नाही. येताना उन्हात घाट चढलो असतो तरी तापली नसती, हे मला त्या दिवशी कळलं. घरी गेलोच नाही, रायत्याच्या पुलावरून शहाडमार्गे थेट उल्हासनगरच्या दवाखान्यात.

सतरा दिवस. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच संपलेली होती, निमित्त काहीही झालं असतं. दादा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचे, "अशी गाडी अंबरनाथमध्ये एकट्या माझ्या पोराकडे आहे. घाटात काटा हलला नाही." थंडीबद्दल ते कुणालाही बोलले नाहीत. अठराव्या दिवशी पहाटे गेले.

महिन्याभरानं मी गाडी उल्हासनगरला नेली. झाळणाऱ्यानं माळ्यावरचा रेडिएटर झाळला, तांब्याचा तुकडा काढून होज परत जोडले, सकाळी दिली, संध्याकाळी तयार. खरंच एक दिवसाचं काम. दुकानदारानं त्याला पैसे घेऊ दिले नाहीत आणि पंख्याचं काही बोलला नाही. परत येताना मी हीटर पूर्ण चालू केला. फेब्रुवारी संपत आलेला, मला घाम फुटला, आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटवर गरम वारा येत राहिला.

ते सोडलेलं प्रकरणही मी उतरवून काढलं. चार पानं, दोन संध्याकाळी. सुरुवातीलाच हीटर तपासायला सांगितलं आहे. गाडी पुढे विकली, घेणाऱ्याला पाचही वह्या दिल्या. तांब्याचा तुकडा माझ्याकडे आहे. आईनं मला कधी काही बोलून दाखवलं नाही. फक्त जानेवारी लागला की घरातल्या सगळ्या खिडक्या ती स्वतः लावते, मला लावू देत नाही.

तर त्या वाचकाला उत्तर. जा, जरूर जा. रस्ता आता रुंद झालाय. दहाच्या आत घाटाला लागू नका. आणि वडिलांना थंडी वाजतेय का असं विचारू नका, ते नाही म्हणतील. गाडी बाजूला घ्या आणि त्यांचा हात हातात धरून बघा.