व्हँकूवरमधली एकच रात्र

मंडळी, सकाळपासून मनाला चुटपुट लागलीय.

डिसेंबरमध्ये आम्ही सगळे टोरांटोला माझ्या भावाकडे निघालोय. वाटेत व्हँकूवरला एक रात्र थांबणार. अक्वेरियम, झुलता पूल, डाउनटाउनमधलं हॉटेल, सगळं मीच ठरवलं. तिथे आईची धाकटी बहीण, लतामावशी राहते. तिच्याकडे संध्याकाळी चहाला जायचं, असंही मीच ठरवलं.

आई सध्या इथे अमेरिकेत, हिल्सबरोला आमच्याकडे आहे. आज तिने मावशीला फोन लावला. स्पीकरवर मावशी विचारत होती, "ताई, किती दिवस राहणार? खालची खोली आवरून ठेवलीय तुझ्यासाठी."

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "अगं, मुलांना खूप काही बघायचंय. चहाला येऊ."

बाबा गेले तेव्हाही मावशीला येता आलं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधीपासून दोघींची भेट नाही.

व्हँकूवरचा मुक्काम वाढवता येईल का, ते विचारायला मी लगेच एजंटला फोन केला. पुढच्या सगळ्या फ्लाइट्स फुल. मग हॉटेल तेवढं रद्द केलं.

"एक रात्र तर एक रात्र," आई म्हणाली. "झोपतंय कोण!"

ती हसली, मला मात्र हसू येईना. तिकिटं काढण्याआधी तिला एकदा विचारलं असतं, तर बहिणींना आठवडा मिळाला असता.

तुम्ही विचारता का हो घरातल्या मोठ्यांना, त्यांना कुठे थांबायचंय ते?