भिंतीकडे तोंड केलेला बारकू

मिलिंद गेल्याचा त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी भलतंच विचारून बसलो. म्हटलं, वहिनी, तो कुठल्या कुशीवर होता? सुजातावहिनी म्हणाल्या, "भिंतीकडंच." मला हेच ऐकायचं नव्हतं...

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका मुलांच्या मासिकात चित्रकथा करायचो. गोष्ट त्याची, चित्रं माझी. तो लिहून कधी देत नसे. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं सांगायचा आणि मी चौकटी भरत जायचो. आवाज असा की खालचा चहावाला मान वर करून बघायचा. आमचा नायक शेरा पैलवान, तालीम आटोपून चोर धरणारा. त्याच्या मागं फिरणारा बारकू मिलिंदनं एकाच अंकापुरता आणला होता. हे पोरगं बोलताना अडखळायचं, त्यामुळे चोर पसार झाल्यावर त्याचं वाक्य पुरं व्हायचं. वाचणारी पोरं खदखदून हसली, शाळांतून बारकूच्या नकला सुरू झाल्या आणि मालकांनी फर्मान काढलं, बारकू दर अंकात पाहिजे.

तेव्हापासून मिलिंदनं बारकूवर डूख धरला. मालक त्याला मारू देईनात, म्हणून मिलिंदनं त्याला विहिरीत पाडलं, त्याचे दात पाडले. पोरं आणखीच हसली. मग त्यानं बारकूचं बोलणंच काढून घेतलं. शेवटी म्हणाला, "त्येला भिंतीकडं तोंड करून उभा कर. तसाच ऱ्हाऊ दे." त्याचं चुकलं काय, असं मी विचारलं, तर तो पुढची चौकट सांगू लागला.

मग शेरा बाजारात असो की गुऱ्हाळावर, कोपऱ्यात पाठमोरा बारकू. आधी मला गंमत वाटली, पण काही महिन्यांनी ती पाठ मलाच बघवेना. हसणं कधीच थांबलं होतं. एकदा मुरगूडहून एक गृहस्थ मासिकाच्या कचेरीत आले. त्यांची मुलगी बारकूला हातानं झाकून मगच पान वाचायची. "पावणं, त्यो पोरगा तितं उभा राहून करतोय काय?" त्यांनी मला विचारलं. मालकांनी बजावलं, पुढच्या अंकात बारकूला वळवा, बोलता करा, नाहीतर चित्रकथा बंद.

मी पेन्सिल घेऊन बसलो. मिलिंदचा चेहरा उतरला होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला. "वळवू नगंस. वळला तर काय बोलंल, सांगता येत न्हाय." मी त्याची टर उडवणार होतो... पण खोलीत आम्ही दोघंच नाही असं वाटलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. चित्रकथा बंद झाली. मिलिंदनं बिद्रीकडे नोकरी धरली आणि पुन्हा गोष्ट म्हणून सांगितली नाही.

काही वर्षांनी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. थोडी परतली, तीही अडखळत. कुणाची चाहूल लागली की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मी त्याच्या पाठीशी गप्पा मारायचो, आणि खरं सांगतो, मला भीती वाटायची. शेवटच्या भेटीत म्हटलं, मिल्या, वळ की. नुसती पाठ हलली.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर वहिनींनी सांगितलं. शाळेत धडा वाचताना तो अडखळायचा आणि मास्तर त्याला तास संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा करायचे. तो मोठा आवाज त्यानं नदीकाठी एकट्यानं ओरडून कमावला होता. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मला याचा पत्ता नव्हता. मास्तरांचा मला संताप आला आणि मिलिंदचाही. त्या पोराला त्यानंच पुन्हा तिथं उभं केलं होतं.

झटक्यानंतरचा त्याचा एकही फोटो नव्हता. शेवटी होते तसे त्यांना चित्रात काढून द्या, असं वहिनी म्हणाल्या. मी समोरून काढला. जाड भिवया, एका बाजूला ओढलेलं तोंड, किंचित उघडं. वहिनी तोंडाशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, इथं काहीच का नाही? सवय, मी म्हटलं. संवाद तो नंतर सांगायचा, म्हणून मी जागा सोडायचो. आता भरून टाकतो.

"ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "त्यास्नी बोलाय येळ लागतोय."