बांधावरचा रेडिओ

वारूळवाडीच्या एका द्राक्षबागेत वाईनची स्पर्धा होती. मी वाईनचा शौकीन, आळे गावाहून हौसेनं गेलो होतो. दिवस मावळताना पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी बांधावरचा रेडिओ बंद करायला लावला. म्हणे, आवाजात चव कळत नाही. चव घ्यायला कान कशाला लागतात, देव जाणे!

बागमालक काकुळतीनं म्हणाला, "साहेब, गाणी ऐकायला न्हाई लावला. पलीकडं ऊस हाय. आवाज असला की बिबट्या लांब ऱ्हातो."

परीक्षक हसले. पेला नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. मालकाचं कुत्रं मात्र उसाकडं तोंड करून भुंकतच होतं. भुंकता भुंकता ते एकदम थांबलं.

"हां, आता कसं शांत वाटतंय," डोळे न उघडताच परीक्षक म्हणाले.